तरंगती गाठ

४ मार्च

प्रिय ताई,

एक प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर मला येत नाही, हे आधीच कबूल करते. ज्या गोष्टीला आपल्या घरात, दुकानात आणि गल्लीत फक्त नावं ठेवली गेली, तिच्यासाठी डॉक्टर लोकांकडे इतका सभ्य शब्द कसा काय?

शब्द आहे ‘ॲडिपोज टिश्यू’. म्हणजे अंगातली चरबी. हल्ली मी तो दिवसभर टाइप करते.

मला नोकरी लागली हे आईने तुला कळवलं असेलच. पदवीचा कागद हातात आला तेव्हा बाबांनी तो आधी दुकानातल्या छोट्या वजनकाट्यावर ठेवून पाहिला आणि म्हणाले, “एवढ्याशा कागदाला एवढी वर्षं लागतात होय?” मग त्याला फ्रेम करून काउंटरच्या वर अशा जागी टांगला, की दुरुस्तीचा काटा घेऊन येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाची मान आपोआप वर जावी. आपल्या घरातली पहिली पदवी. गिऱ्हाइकांना वाटतं, ते दुकानाचं लायसन आहे.

तर लॅब. ऑपरेशनमध्ये काढलेले तुकडे फॉर्मालिन नावाच्या उग्र औषधात बुडवून, बरण्यांतून आमच्याकडे येतात. एक बाई ते मेणात बसवून त्यांचे पापुद्रे काढते आणि काचेवर पसरते. तिला सगळे मेणबाई म्हणतात. मोठ्या मॅडम त्या काचा सूक्ष्मदर्शकाखाली बघत बोलत जातात आणि मी ते टाइप करते. आणि ताई, जवळजवळ प्रत्येक तुकड्याला थोडी चरबी चिकटलेली असते. अपेंडिक्सला असते, मूत्रपिंडाभोवती तर गादीच असते. मॅडम म्हणतात, “ॲडिपोज टिश्यू, नॉर्मल, पुढे चल.” कंटाळलेल्या आवाजात. चरबीबद्दल कुणी कंटाळून बोलतं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. माझे डोळे भरून आले. मेणबाईने विचारलं, “फॉर्मालिन झोंबलं का?” मी हो म्हटलं.

मी मॅडमना एक विनंती केली आहे. प्रत्येक रिपोर्टखाली साध्या भाषेत एक ओळ असावी, म्हणजे लोकांना तो कागद घेऊन दारोदार फिरावं लागणार नाही. मॅडम म्हणाल्या, “आधी ॲडिपोजला साधा शब्द शोधून आण, मग बघू.” मी अडकले. चरबी लिहिलं तर लोक चिडतील, मेद लिहिलं तर बारीक होण्याच्या औषधाची जाहिरात वाटेल, वसा लिहिलं तर कुणाला कळणारच नाही.

मूळ मुद्दा टाळते आहे, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. बाबांच्या पाठीवर गाठ आहे. उजव्या खांद्याखाली, लिंबाएवढी. दाखवायला तयार नाहीत. “पाठ आहे, तिला पाठीमागेच राहू दे,” म्हणतात.

तू गेल्यापासून ते मोठे काटे दुरुस्तीला घेत नाहीत. तू गेलीस त्याच आठवड्यात त्यांनी तशी पाटी लावली. ज्या काट्यावर पोतं किंवा माणूस उभं राहतं, ते सगळे बंद. कारण विचारलं की पाठ दुखते म्हणून सांगतात. ते मोठा काटा कसा तपासायचे, हे तुला सांगायची गरज नाही. पण आपल्या घरात ते कुणी बोलतच नाही, म्हणून मला एकदा कागदावर लिहून बघायचं आहे. लोखंडी वजनं आतून ओढत आणायचा त्यांना कंटाळा. मग हाक यायची, “थोरले, ये गं जरा.” तू हातातलं काम टाकून यायचीस आणि काट्यावर उभी राहायचीस. ते आकडा मोठ्याने वाचायचे आणि गिऱ्हाइकाला म्हणायचे, “बरोब्बर. लोखंडाला ओढावं लागतं, हे माप स्वतः चालत येतं.” गिऱ्हाईक हसायचं. समोरच्या दुकानातले घड्याळजी हसायचे. एक दिवस तू काट्यावरून उतरलीस ती थेट आत गेलीस आणि बॅग घेऊनच बाहेर आलीस. दोन वर्षं झाली.

तू तिकडे तलावावर लोकांना पोहायला शिकवतेस, असं आई सांगते. घरचा फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. ते तू उचललं नाहीस, तरी दाराखालून आत तरी येईल.

तुझी,
धाकटी


१३ मार्च

प्रिय ताई,

गाठ काढली. आधी हे, म्हणजे तुला खाली शोधत बसायला नको.

बाबा दवाखान्यात आले ते माझ्या खोटेपणामुळे. मी सांगितलं की सर्जनच्या दवाखान्यातला वजनकाटा बिघडला आहे आणि तिथली नर्स फार वैतागली आहे. बाबांनी लगेच चपला घातल्या. गंमत अशी की काटा खरंच बिघडलेला होता. ते त्यावर उभे राहिले, उतरले, परत उभे राहिले आणि नर्सला म्हणाले, “बाई, हा हलका दाखवतोय.”

“आजवर कुणाची तक्रार नाही,” नर्स म्हणाली.

“हलका दाखवल्यावर तक्रार कोण करेल?”

त्यांनी खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढून काटा उघडलाही. नर्स ओरडायच्या आत तो नीट झाला होता. मग तिने स्वतः उभं राहून पाहिलं आणि तोंड पाडून म्हणाली, “पहिलाच बरा होता.” या सगळ्या गडबडीत सर्जननी बाबांचा सदरा वर करून पाठ कधी बघितली, ते बाबांना कळलंसुद्धा नाही. तेवढी जागा बधिर करून गाठ काढली. टाके पडत असताना बाबा पालथे पडून नर्सला काट्याखाली ओलं फडकं का ठेवू नये ते समजावत होते.

दुसऱ्या दिवशी बरणी आमच्याच लॅबमध्ये आली. वर बाबांचं नाव. आमच्याकडे दोन नियम आहेत. ज्याचा माणूस, त्याने त्या बरणीला हात लावायचा नाही. आणि मॅडमची सही होईपर्यंत कुणी एक अक्षर बोलायचं नाही. मला दोन्ही नियम पटतात. या नोकरीत मी मोठ्या भक्तीने आले आहे, हे तुला हसू येईल असं असलं तरी खरं आहे. मी हात मागे बांधून उभी राहिले.

मेणबाईने बरणी उचलली, खिडकीच्या उजेडात धरली आणि काही न बोलता माझ्याकडे वळवली.

गाठ तरंगत होती.

आमच्याकडे येणारे बहुतेक तुकडे तळाशी बसतात. चरबी तरंगते. मेणबाईने भुवई जरा वर केली आणि बरणी ठेवून दिली. एवढंच. पण तरंगलं म्हणजे बिनधोकच असं नसतं, हेही मला आता माहीत आहे. काचेखाली बघितल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही. आणि चरबीचा तुकडा घाईने करता येत नाही. त्याला औषधात जास्त वेळ मुरवावं लागतं, नाहीतर पात्याखाली त्याचा लगदा होतो.

घरी आल्यावर आईने विचारलं, “काय झालं?” मी म्हटलं, “अजून काही नाही.” ती म्हणाली, “तुझा चेहरा तर काहीतरी झाल्यासारखा आहे.” मी चेहरा धुऊन आले. तरी तसाच होता म्हणे.

बाबा काही विचारत नाहीत. सगळे छोटे काटे परत परत पुसतात. काल कुणीतरी गोण्या तोलायचा काटा हातगाडीवर घालून आणला. बाबांनी पाटीकडे बोट केलं. तो म्हणाला, “अहो, गाठ तर काढली ना?” गल्लीला सगळं माहीत असतं. बाबा म्हणाले, “टाके आहेत.”

उत्तर लिहिलं नाहीस तरी चालेल. लिहिलंस तर जास्त चालेल.

तुझी,
धाकटी


२२ मार्च

प्रिय ताई,

तुझं कार्ड मिळालं. दोन वर्षांत पहिलं, आणि त्यावर एकच ओळ: “तरंगली म्हणजे पूर्ण वर, की बरीचशी पाण्यात? नीट लिही.” बाबा कसे आहेत नाही, तू कशी आहेस नाही. मी ते कार्ड इतक्या वेळा वाचलं की मेणबाईने विचारलं, “लग्नाचं काही आहे का?”

तर नीट लिहिते. बरीचशी आत आणि पाठ तेवढी वर. डुंबणाऱ्या म्हशीसारखी. अगदी निवांत.

आणि हो, गाठ साधी निघाली. पुढचं वाचायच्या आधी एकदा श्वास घे, मीही घेतला होता.

मॅडमनी काच लावली आणि मला टाइप करायच्या ऐवजी जवळ बोलावलं. “ये, तूच बघ.” मी डोळा लावला. ताई, मला वाटलं होतं काहीतरी पिवळं, मेणचट दिसेल. दिसल्या त्या पांढऱ्या रिकाम्या खोल्या. एकीला लागून एक, पातळ भिंतींच्या, जाळीसारख्या. मी विचारलं, “चरबी कुठे आहे?” मॅडम म्हणाल्या, “ती वाटेतच विरघळून जाते. आपली औषधं तिला धुऊन टाकतात. आपण बघतो ती तिची जागा. जागा नीट, एकसारखी दिसली, की समजायचं सगळं ठीक.” मला आपल्या आतल्या खोलीतली तुझी खाट आठवली. आई अजून तिच्यावरची चादर बदलते.

मग त्या नेहमीच्या कंटाळलेल्या आवाजात म्हणाल्या, “ॲडिपोज टिश्यू. साधी गाठ. धोका नाही. घरचेच आहेत ना? विचार, दुखत होती का. या सहसा दुखत नाहीत.”

हे शेवटचं वाक्य मी घरी नेलं, आणि त्यानेच घोळ झाला.

दुकानात घड्याळजीही बसले होते. बाबांनी रिपोर्ट हातात घेतला, उलटा धरला, सुलटा धरला. “काय निघालं?”

“चरबी, बाबा. साधी चरबी. धोका काहीच नाही.”

घड्याळजी खुर्चीत मागे रेलले. “यांच्या अंगात चरबी? हाडांना लपायला जागा नाही, तिथे चरबी कुठे लपली होती?”

“पाठीवर, घड्याळजी,” मी म्हटलं. “सगळ्यांना दिसत होती, यांना सोडून.”

बाबा हसले. आठवडाभराने हसले. मग मी सहज विचारलं, “मॅडम विचारत होत्या, दुखायची का? अशा गाठी सहसा दुखत नाहीत.”

“माझी दुखायची.”

“कधीपासून?”

“झाली की दोन वर्षं.”

आतून आईचा आवाज आला. “दोन वर्षांपूर्वी गाठ नव्हती. सदरे मी धुते. मागच्या वर्षापर्यंत पाठ सपाट होती.”

घड्याळजींना एकदम आठवलं की कुणाच्यातरी घड्याळाला किल्ली द्यायची राहिली आहे. ते उठून गेले.

बाबा हातातल्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक अंगठ्याने पुसत राहिले. मग रिपोर्टकडे बघत म्हणाले, “मोठा काटा समोर आला की तोंडातून तिलाच हाक निघायची. ती गेल्यावर पहिल्याच दिवशी निघाली. गिऱ्हाईक आतल्या दाराकडे बघत उभं. मग काटेच बंद केले. काहीतरी कारण सांगायला हवं, म्हणून पाठ.”

मी गप्प बसायला हवं होतं. पण मी पदवीधर आहे ना, मी बोलायला लागले. ही चरबी काय काय करते ते सगळं सांगितलं. ऊब धरते, उपासमारीच्या वेळेसाठी साठवून ठेवते, टाचेखाली आणि डोळ्यामागे गादी होते. बाबा ऐकत राहिले, एखादं गिऱ्हाईक आपला काटा का बिघडला ते ऐकतं तसे. “एवढी कामं करते?” म्हणाले. “मग लोक हसतात कशाला?”

“लोक हसायचे, बाबा. पण आकडा तुम्ही वाचायचात.”

त्यांना हे लागलं. मला दिसलं. “मी कौतुकाने वाचायचो गं. लोखंडसुद्धा झिजतं. तिचं वजन कधी हललं नाही. रोज सकाळी आपल्या चांगल्या काट्यावर ताडून बघायचो. माझ्या दुकानात तिच्याइतकं खात्रीचं काही नव्हतं. मला वाटलं, तिला कळतंय.”

आई दारात येऊन उभी राहिली होती. “कौतुक असं रस्त्याला ऐकू जाईल असं करायचं नसतं,” ती म्हणाली. “आणि हळू आवाजातलं करता येतं का ते तरी बघू. माझं तर दोन्ही प्रकारांनी केलं नाहीत.”

हे सगळं तू ऐकलं पाहिजेस असं मला वाटलं. काय करायचं ते तू ठरव. मी तुला ये म्हणत नाही.

(म्हणते आहे. पण जोर करत नाही.)

धाकटी


३ एप्रिल

प्रिय ताई,

आता कार्ड नाही, चक्क पत्र. आणि त्यातही तू माझ्या शब्दावर पाणी ओतलंस. तुझं वाक्य मी मॅडमना वाचून दाखवलं, रागावू नकोस: “मी इथे रोज शिकणाऱ्यांना सांगते, अंगात चरबी आहे म्हणून तुम्ही तरंगता, तिचे आभार माना. मला तो शब्द कधीच नकोसा नव्हता. आकडा रस्त्यावर जायचा, तो नकोसा होता. तू सभ्य शब्द शोधत बसू नकोस, लोकांना खरं सांग.”

मॅडमनी चष्मा काढला. “ही कोण?”

“माझी बहीण. पोहायला शिकवते.”

“मग लिही चरबी,” त्या म्हणाल्या. “पण त्याच्यापुढे आणखी चार शब्द घाल, म्हणजे ऐकणाऱ्याला तो एकटा लागणार नाही.”

तर परवापासून आमच्या रिपोर्टखाली ओळ जाते. पहिली ओळ कुणासाठी होती माहीत नाही, एका बाईंच्या दंडातली गाठ. मी लिहिलं: “ही साध्या चरबीची गाठ आहे. अशी चरबी प्रत्येकाच्या अंगात असते आणि कामाची असते. धोका नाही.” दुपारी त्या बाई रिपोर्ट घ्यायला आल्या, उभ्या उभ्या तो वाचला आणि काउंटरवरचा माझा हात दाबून गेल्या. मेणबाई म्हणाली, “आज फॉर्मालिन जास्तच झोंबतंय वाटतं.” तिच्याही डोळ्यांना झोंबत होतं.

माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला अजून येत नाही. राहू दे.

आता बाबा. टाके निघाले आहेत. काल त्यांनी पाटी उतरवली. आतल्या खोलीतून लोखंडी वजनं स्वतः एकेक करून ओढत आणली, आईच्या शिव्या खात. गोण्यांचा काटा तपासला, आकडा वाचला तो मनातल्या मनात. गिऱ्हाईक म्हणालं, “बरोबर आहे का नाही ते तरी सांगा की.” बाबा म्हणाले, “बरोबर आहे, हळू बोला.”

तुझ्या पत्रातली शेवटची ओळ मी त्यांना वाचून दाखवली: “मी त्या दुकानात येणार नाही. त्यांना यायचं असेल तर इथे येऊ देत.” जेवून झाल्यावर त्यांनी विचारलं, “तलाव खोल असतो का?”

धाकटी


१६ एप्रिल

प्रिय ताई,

हे पत्र पोस्टाने आलेलं नाही, हे तुला पाकिटावरूनच कळलं असेल. ते ज्यांच्या सदऱ्याच्या खिशातून आलं, ते आता बहुधा तुझ्या समोर किंवा तलावाच्या कडेच्या बाकावर बसले असतील आणि तिकीट खिडकीजवळच्या काट्याकडे बघत असतील, जर तिथे असला तर. घाबरू नकोस. स्क्रू ड्रायव्हर मी त्यांच्या पिशवीतून काढून घेतला आहे. पाकीट चिकटवलेलं आहे आणि त्यांनी ते उघडलेलं नाही. जन्मभर काट्यांची सीलं जपणारा माणूस आहे.

जायचं ठरवायला त्यांनी चार-पाच दिवस घेतले. “तिथे जाऊन बोलू काय?” हे एकच चाललं होतं. आईने तीन वाक्यं सुचवली, तिन्ही त्यांना लांब वाटली. घड्याळजींनी एक सुचवलं, ते आईला आवडलं नाही. शेवटी मी म्हटलं, “बोलू नका. पाण्यात उतरा.”

“मला पोहता कुठे येतं?”

“म्हणूनच.”

“म्हणजे ती शिकवणार आणि मी बुडणार.”

“आणि सगळे बघणार,” आई म्हणाली. तिने त्यांच्यासाठी पोहायची विजार आणली आहे, भडक निळी. दुकानात एवढ्या बारीक कमरेची तीच मिळाली, लहान मुलांच्या कप्प्यात. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली आणि घडी करून पिशवीत ठेवली. एकदाही नाही म्हणाले नाहीत, ताई. कुणी बघितलं तर चालेल का, असंही विचारलं नाही.

सर्जनना विचारलं आहे, जखम पूर्ण भरली आहे, पाणी चालेल. पाठीवर आता लहानशी रेघ आहे. अंगात तरंगण्यासारखी होती तेवढीही आम्ही काढून बरणीत घातली. तेव्हा ते पहिल्यांदा सरळ खाली जातील. वर आल्यावर काहीतरी बोलतील, बहुधा पाण्याबद्दल. तीच त्यांची माफी असं समज. हवं तर त्यांना परत एकदा बुडू दे, तेवढा हक्क तुझा आहे. मग हात धर.

हे तुला विचारून करायला हवं होतं. विचारलं असतं तर तू आणखी एक कार्ड लिहिलं असतंस आणि त्यांनी तेवढ्यात पाटी पुन्हा लावली असती. म्हणून आज सकाळी मीच त्यांना गाडीत खिडकीजवळ बसवून दिलं. जाण्याचं तिकीट काढलं. परतीचं काढलेलं नाही.

तुझी,
धाकटी